नळ सोडला की बडीशेपेचा वास

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या टाकीतल्या पाण्याला वास यायला लागला. थिनरसारखा म्हणा, रॉकेलसारखा म्हणा, प्रत्येकाचं नाक वेगळं सांगत होतं. टाकी धुतली, पाणी तपासायला दिलं, चार दिवसांनी रिपोर्ट आला, पिण्यास योग्य. मी कमिटीत असल्यामुळे तो कागद जिन्याखालच्या बोर्डावर लावायचं काम माझ्याकडे. लावला. पुढचा दीड महिना एकाही घरात ते पाणी कोणी प्यायलं नाही, माझ्या घरातही नाही, जारवाल्याचा टेम्पो रोज गेटवर उभा. नंतर नीट वाचल्यावर कळलं की रिपोर्टात फक्त जंतू तपासले होते. कोलिफॉर्म शून्य. आता वास कुठल्या रकान्यात बसणार?

तेव्हापासून मला या विषयाचा नाद लागला, म्हणजे पाण्यात काहीतरी केमिकल गेलं तर नंतर लोकांना परत त्या पाण्यावर आणायचं कसं. शोधता शोधता अमेरिकेतलं एक प्रकरण सापडलं, वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनचं, जानेवारी २०१४. आपल्याकडे तेव्हा फारशी बातमीच झाली नाही कारण कोणी मेलं नव्हतं. पण कोणी न मरता तीन लाख माणसांचं पाणी एका संध्याकाळी बंद होतं आणि मग ते महिनोन् महिने ‘चालू’ होत नाही, हे कसं होतं ते या केसइतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी जागा समजून घ्या. वेस्ट व्हर्जिनिया म्हणजे कोळशाचं राज्य, डोंगराळ, आणि चार्ल्सटन त्याची राजधानी, जिथे एल्क नदी कनाव्हा नदीला मिळते. कनाव्हाच्या खोऱ्याला तिथले लोक स्वतःच केमिकल व्हॅली म्हणतात. भोपाळमधे जो वायू सुटला ना, मिथाइल आयसोसायनेट, तो अमेरिकेत युनियन कार्बाइड जिथे बनवायची ते इन्स्टिट्यूट नावाचं गाव चार्ल्सटनपासून दहा-पंधरा किलोमीटरवर आहे. हे वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं थांबलो. १९८५ च्या ऑगस्टमधे, म्हणजे भोपाळला वर्षही झालं नव्हतं, त्याच इन्स्टिट्यूटच्या कारखान्यातून दुसरं एक केमिकल सुटलं आणि शंभरावर लोक हॉस्पिटलमधे गेले. २००८ मधे तिथेच स्फोट होऊन २ कामगार गेले, तेव्हा कारखाना दुसऱ्या कंपनीकडे होता. त्या चौकशीनंतर अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने शिफारस केली की या जिल्ह्यात असल्या गळत्या रोखायला एक कायमचा कार्यक्रम सुरू करा. कागद राज्याकडे गेला, आणि कागदांचं जे होतं तेच झालं. तर २०१४ ची गळती काही निरागस गावावर आकाशातून पडलेली नव्हती, तिथल्या माणसांना वासांची सवय होती. आमच्या डोंबिवलीसारखंच, रात्री खिडकी लावून झोपायचं आणि सकाळी विषय काढायचा नाही.

९ जानेवारी, गुरुवार. सकाळपासून लोकांचे फोन यायला लागले की हवेत लिकरिशचा वास येतोय. लिकरिशचं भाषांतर आपण ज्येष्ठमध करतो पण ते इथे फसवं आहे, कारण तिथली काळी लिकरिशची गोळी बडीशेपेसारख्या तेलाच्या वासाची असते, तर तुम्ही जेवणानंतरच्या बडीशेपेचा वास डोळ्यासमोर, म्हणजे नाकासमोर आणा, पण गोड नाही, तेलकट आणि डोक्यात जाणारा. राज्याच्या पर्यावरण खात्याची माणसं वास हुंगत हुंगत एल्क नदीच्या काठावरच्या फ्रीडम इंडस्ट्रीज नावाच्या कंपनीच्या टँक यार्डात पोचली. पोचली तेव्हा टाकी नंबर ३९६ च्या खाली द्रवाचं तळं साचलेलं आणि त्यातून एक ओहोळ बाहेरच्या भिंतीखालून नदीच्या दिशेने निघालेला. आणि तो अडवायला काय ठेवलं होतं? एक सिमेंटचा ब्लॉक आणि सांडलेलं तेल टिपायच्या पावडरची एक पोती. पन्नास पौंडाची, म्हणजे आपली बावीस-तेवीस किलोची. सगळ्या प्रकरणातलं हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही, आपल्याकडे गॅरेजमधे ऑइल सांडलं की भुसा टाकतात तसं.

टाकीला तळाशी दोन भोकं पडली होती, गंजून. मोठं भोक पाऊण इंचाचं, दुसरं त्याच्या निम्मं. निदान दहा वर्षांत टाकी आतून कोणी तपासली नव्हती. सांडलं तर अडवायला भोवती बांध होता, पण त्याला भेगा. भेगा आहेत हे माहीत होतं, दुरुस्तीसाठी पैसे बाजूला काढायचं ठरलंही होतं. त्या दोन भोकांतून साधारण १०,००० गॅलन माल गेला, ३८,००० लिटर, म्हणजे आपल्याकडचे दहा हजार लिटरवाले जवळजवळ चार टँकर. माल म्हणजे एमसीएचएम, पूर्ण नाव मिथाइलसायक्लोहेक्झेन मिथेनॉल, कोळसा धुवायला वापरतात. आणि यार्डापासून दीड मैल खाली, त्याच नदीवर, वेस्ट व्हर्जिनिया अमेरिकन वॉटर या कंपनीचं पाणी उचलायचं ठिकाण. ९ जिल्ह्यांतल्या ३ लाख लोकांसाठी तेवढं एकच.

मग इनटेक बंद का नाही केलं, हा प्रश्न पहिला डोक्यात येतो, माझ्याही आला. उत्तर ऐकून चिडचिड होते पण ते खोटं नाही. त्या आठवड्यात भयानक थंडी पडून गेली होती, जागोजागी पाइप फुटलेले, लोकांनी पाणी गोठू नये म्हणून रात्रभर नळ थेंबथेंब चालू ठेवलेले, त्यामुळे टाक्या रिकाम्या होत आलेल्या. पंप बंद केला असता तर काही तासांत लाइनचा दाब गेला असता, आग लागली तर बंबाला पाणी नाही, संडासाला पाणी नाही, आणि दाब गेला की बाहेरची घाण लाइनमधे ओढली जाते ती वेगळीच. कंपनीला वाटलं कार्बन फिल्टर हे पकडतील. दुपारपर्यंत वाटलं. मग फिल्टर भरले आणि माल पलीकडे गेला, आणि संध्याकाळी सहाच्या आसपास आदेश निघाला की नळाचं पाणी वापरू नका.

यातला ‘वापरू नका’ नीट वाचा. उकळून प्या असा आदेश लोकांना माहीत असतो, आपल्याकडेही पावसाळ्यात येतो. इथे पिऊ नका, अंघोळ करू नका, भांडी धुऊ नका, कपडे धुऊ नका, दात घासू नका, फक्त संडासात टाका आणि आग विझवा. तासा-दोन तासांत दुकानांतल्या बाटल्या संपल्या. शाळा बंद, हॉटेलं बंद. दुसऱ्या दिवशी ओबामांनी केंद्राची आणीबाणी जाहीर केली आणि बाटल्यांचे ट्रक सुरू झाले. त्याच दिवशी फ्रीडमचे प्रेसिडेंट गॅरी सदर्न पत्रकारांसमोर आले आणि बोलता बोलता हातातल्या बाटलीतून पाणी पीत होते. टीव्हीवर. तीन लाख लोक बघतायत. तुम्हाला पीआरचा कोर्स करायचा नसेल तर हा एक व्हिडिओ पुरे.

आता मदतीकडे येऊ, कारण लेख त्यासाठी आहे. सगळ्यात पहिली मदत म्हणजे पाणी वाटणं, आणि ते जमलं, म्हणजे बऱ्यापैकी. सरकारी ट्रक मोठ्या पार्किंगमधे उभे राहायचे आणि लोकांनी गाडी घेऊन यायचं. पण हा डोंगराळ भाग, दऱ्यांमधे एकेकटी घरं, म्हातारी माणसं, ज्यांच्याकडे गाडी नाही किंवा चालवता येत नाही त्यांनी काय करायचं? तिथे वेस्ट व्हर्जिनिया क्लीन वॉटर हब नावाने गावातल्याच लोकांनी जाळं उभं केलं, कुणाला पाणी हवंय आणि कुणाकडे गाडी आहे एवढंच जुळवायचं काम, आणि दारात नेऊन द्यायचं. यात हुशारी काही नाही. पण दारात जाणारा माणूस बाटल्या ठेवून परत येत नाही, तो दोन मिनिटं बोलतो, कुणाला पुरळ आलंय, कुणाच्या घरी लहान मूल आहे हे त्याला कळतं. पार्किंगमधे ट्रकवर उभ्या माणसाला हे कळायचं काही कारणच नाही.

दुसरं म्हणजे हॉटेलं. ही गोष्ट कुणी फारशी सांगत नाही पण मला ती फार आवडते. शहरातली हॉटेलं बंद म्हणजे वेटर, कुक, भांडीवाले, सगळे तासावर पगार घेणारे घरी बसले. कनाव्हा-चार्ल्सटनच्या आरोग्य खात्याचे प्रमुख तेव्हा डॉ. राहुल गुप्ता होते, दिल्लीत डॉक्टरकी शिकलेले (हे पुढे बायडनच्या काळात व्हाइट हाउसमधे अमली पदार्थविरोधी धोरणाचे प्रमुख झाले). त्यांच्या खात्याने हॉटेलवाल्यांना सांगितलं, नळाचं पाणी सोडून बाहेरून पाणी आणून कसं चालवणार ते लिहून द्या, पटलं तर उघडा. सरसकट बंदी उठेपर्यंत थांबा असं नाही. मग बाटलीच्या पाण्यावर स्वयंपाक करून हॉटेलं सुरू झाली आणि नंतर, बंदी उठल्यावरही, कित्येकांनी दारावर पाटी तशीच ठेवली की आमच्याकडे बाटलीचं पाणी वापरतात. म्हणजे बघा, अधिकृतरीत्या पाणी चांगलं झालंय आणि धंदेवाला पाटी लावतोय की मी ते वापरत नाही. गिऱ्हाईक कशाने येतं हे हॉटेलवाल्यापेक्षा कोणाला जास्त कळणार.

आणि इथून खरा गोंधळ सुरू होतो. आदेश १३ जानेवारीपासून भागाभागाने उठवायला लागले, नकाशावर तुमचा भाग निळा झाला की तुम्ही घरातली लाइन धुवायची, पाच दिवसांत सगळा नकाशा निळा. कशाच्या जोरावर? सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य संस्थेने, आकडा दिला होता १ पीपीएम, दहा लाखात एक भाग, त्याच्या खाली असलं तर चालेल. हा आकडा आला कुठून तर केमिकल बनवणाऱ्या ईस्टमन कंपनीने उंदरांवर केलेले थोडेसे जुने प्रयोग होते, त्यावरून हिशेब मांडला. दुसरं काही नव्हतंच. अमेरिकेचा केमिकलचा कायदा १९७६ चा, आणि तो आला तेव्हा बाजारात असलेली ६०,००० वर केमिकलं विनाचाचणी तशीच मान्य करून टाकली होती, एमसीएचएम त्यातलंच एक. रात्रीतून आकडा मागितला तर कोण काय देणार, मी सीडीसीला फार दोष देत नाही. पण पुढचं बघा. आधीच काही भागांत पाणी चालू करून झालं आणि मग १५ तारखेला सीडीसीने सांगितलं की गरोदर बायकांनी मात्र बाटलीचंच प्यावं. ज्या बाईने १४ तारखेला नळाचं पाणी प्यायलं तिने काय करायचं? आणि २१ तारखेला कळलं की टाकीत नुसतं एमसीएचएम नव्हतं, पीपीएच नावाचं दुसरं केमिकलही साडेपाच टक्क्यांच्या आसपास मिसळलेलं होतं. बारा दिवसांनी. दरम्यान १७ तारखेला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज टाकलेला. राज्यपाल टॉम्ब्लिन यांना पत्रकारांनी विचारलं तर त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा होता की तुम्हाला बरं वाटत नसेल तर वापरू नका, तुमचं तुम्ही ठरवा. प्रामाणिक उत्तर होतं, पण तीन लाख लोकांनी त्याचा अर्थ एकच काढला.

त्यात लाइन धुवायची सूचना. गरम पाण्याचे सगळे नळ १५ मिनिटं सोडा, मग थंडचे ५ मिनिटं. अमेरिकेत घरोघर दीड-दोनशे लिटरचा गिझर असतो, ९ तारखेचं पाणी त्यात बसलेलं, म्हणून आधी गरम. तर्क बरोबर आहे. पण गरम पाण्याबरोबर ते केमिकल वाफेत येतं, जानेवारीची थंडी, खिडक्या घट्ट बंद, आणि खिडक्या उघडा हे सूचनेत नाही. लोकांनी सांगितलं तसं केलं, पाच-सहा नळ एकदम सोडले आणि बाथरूममधे उभे राहिले, अंगभर तो बडीशेपेचा वास, डोकं दुखतंय, डोळे चुरचुरतायत, मळमळतंय. म्हणजे साफसफाई करताना आजारी पडले. पाणी कंपनीने धुण्यात वाया गेलेल्या पाण्यासाठी बिलात १००० गॅलनची सूट दिली, साधारण दहा डॉलर. दोन आठवड्यांत हॉस्पिटलांच्या इमर्जन्सीत ३६९ लोकांची नोंद झाली, मळमळ, उलट्या, पुरळ, जुलाब, बहुतेक सौम्य, १३ जणांना ठेवून घ्यावं लागलं. गुप्तांच्या खात्याने नंतर घरोघरी फोन करून विचारलं तेव्हा त्रास झालेल्यांची संख्या याच्या कितीतरी पट निघाली, आणि ते साहजिकच आहे, पुरळ आलं म्हणून इमर्जन्सीत कोण जातं, तेही अमेरिकेत, तिथलं बिल बघून वेगळं पुरळ यायचं.

आता माझ्या दृष्टीने या केसचा गाभा. अँड्र्यू वेल्टन नावाचे एक प्राध्यापक, तेव्हा साउथ अलाबामा विद्यापीठात, पाण्याच्या पाइपांमधलं काम करणारे. कोणी बोलावलं नव्हतं. आठवड्याभरात विद्यार्थ्यांना गाडीत घालून शेकडो मैलांवरून चार्ल्सटनला आले आणि लोकांच्या घरात शिरले. म्हणजे स्वयंपाकघरात, बाथरूममधे, बेसमेंटमधे गिझरपाशी. सगळे जण तोवर मोजत होते ते फिल्टर प्लँटमधून निघणारं पाणी, नाहीतर रस्त्यावरच्या हायड्रंटचं, म्हणजे बंबाला पाणी द्यायच्या नळाचं. लोक पाणी हायड्रंटला तोंड लावून पितात का? घरातल्या प्लॅस्टिकच्या पाइपात काय मुरलंय, गिझरच्या तळाला काय बसलंय हे कोणी बघतच नव्हतं. वेल्टनच्या पोरांनी घरोघरी आधी खिडक्या उघडल्या, पंखे लावले, मग एकेक नळ धुतला, आणि घरच्यांना समोर उभं करून नमुने घेतले.

फेब्रुवारीत राज्याने त्यांनाच हाताशी धरून डब्ल्यूव्ही टॅप नावाचा प्रकल्प केला आणि यातली एक गोष्ट तर मला कमाल वाटते, त्यांनी वास घेणाऱ्या तज्ज्ञांचं पॅनल बसवलं. पाण्याचा वास ओळखण्यात मुरलेली माणसं, चहाचे टेस्टर असतात तशी, आणि त्यांना कमी कमी करत एमसीएचएमचं पाणी हुंगवलं, कुठवर कळतं बघायला. उत्तर आलं ०.१५ पीपीबी. पीपीबी म्हणजे शंभर कोटीत एक भाग, आणि इथे तो एक भागही पूर्ण नाही.

आता हे आकडे एकाखाली एक मांडा. सीडीसीचा सुरक्षित आकडा १००० पीपीबी, म्हणजे मघाचाच १ पीपीएम. डब्ल्यूव्ही टॅपच्या आरोग्य तज्ज्ञांनी, मुलंबाळं आणि अंघोळीची वाफ धरून, परत हिशेब केला तो १२० पीपीबी. सरकारी लॅब ज्याच्या खाली ‘आढळलं नाही’ लिहायची तो आकडा १० पीपीबी. आणि नाक, ०.१५. म्हणजे रिपोर्टात ‘आढळलं नाही’ आणि बाथरूममधे बाईला वास येतोय, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शंभर टक्के खऱ्या होत्या! कोणी खोटं बोलत नव्हतं. पण महिनाभर अधिकारी म्हणत होते की लोक घाबरलेत आणि लोक म्हणत होते अधिकारी लपवतायत. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन शाळांत परत वास आला, एक शिक्षिका चक्कर येऊन पडली, शाळा सोडून दिल्या, पाण्याचे रिपोर्ट मात्र स्वच्छ. मला माझा जिन्याखालचा कागद आठवला.

घराघरांत जाऊन काय मिळालं ते पण सांगतो. दहा घरं तपासली, दहाही घरांत एमसीएचएम निघालं, सगळीकडे १० पीपीबीच्या खाली. म्हणजे तब्येतीला धोका या अर्थाने घाबरण्यासारखं नाही, पण वास येण्यासारखं नक्की. मग हे अजून येतंय कुठून, नदी तर केव्हाच साफ झाली? मार्चमधे कळलं की फिल्टर प्लँटमधूनच येतंय. गळतीच्या दिवशी ज्या कार्बनने माल शोषला तोच कार्बन हळूहळू तो परत सोडत होता, अर्ध्या पीपीबीच्या आसपास. इतकं बारीक मोजणारी चाचणी तोवर कोणी लावलीच नव्हती. एप्रिलपासून कार्बन बदलायला घेतला, जूनपर्यंत सगळे फिल्टर नवे. म्हणजे जानेवारीपासून ‘वास येतोय’ म्हणणारी माणसं जूनपर्यंत बरोबर होती. त्यांना तसं कोणी जाऊन सांगितलं का ते जाऊ दे. एप्रिलमधे सर्वेक्षण झालं तेव्हा नळाचं पाणी पिणारी घरं निम्म्याहून बरीच कमी होती, आदेश उठून तीन महिने झालेले.

याच्या शेजारी सिनसिनाटीचं उदाहरण ठेवा, छोटंच आहे. तेच केमिकल वाहत वाहत ओहायो नदीत गेलं, सिनसिनाटीला आधीच खबर, त्यांनी नदीवरचं इनटेक दिवसभर बंद ठेवलं, साठवलेलं पाणी वापरलं, लोंढा पुढे गेला, परत चालू. विषय संपला. साठा होता म्हणून बंद करता आलं, बस.

उपचारांचं म्हणाल तर गुप्ता सतत मागत होते की लोकांवर लांब पल्ल्याची देखरेख ठेवा, पाच-दहा वर्षं बघा. तशी मोठी देखरेख उभी राहिली नाही. त्याऐवजी राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने उंदीर, मासे, पेशी यांवर दोनेक वर्षं प्रयोग केले आणि निष्कर्ष काढला की दिलेला पिण्याचा आकडा पुरेसा सावध होता. चांगली बातमी आहे, खरंच. फक्त ती २०१६ मधे आली, आणि २०१४ मधे गरोदर असलेल्या बाईचं पोर तोवर चालायला-बोलायला लागलं होतं.

कायदा लगेच झाला, मार्चमधेच, विधानसभेत एकमताने. जमिनीवरच्या टाक्यांची नोंदणी करा, तपासणी करा, पाणी कंपन्यांनी नदीच्या वरच्या अंगाला काय काय ठेवलंय याचा आराखडा करा. पुढच्याच वर्षी त्यातल्या बऱ्याच टाक्या दुसरा कायदा करून वगळल्या. आराखड्याचा भाग मात्र टिकला आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा तोच, कारण नदीकाठी दीड मैलावर काय साठवलंय हे पाणीवाल्यांना गळतीच्या दिवशी दुपारी विचारावं लागलं होतं.

फ्रीडमचे सहा अधिकारी-मालक फेडरल कोर्टात दोषी ठरले, सगळ्यांनी गुन्हा कबूल केला. गॅरी सदर्नना ३० दिवसांची कैद आणि २०,००० डॉलर दंड. कंपनी दिवाळखोर, तिच्याकडून काय निघणार, त्यामुळे लोकांनी पाणी कंपनीवर आणि ईस्टमनवर दावा लावला आणि २०१६ मधे तडजोड झाली १५.१ कोटी डॉलरची, त्यातला मोठा वाटा पाणी कंपनीचा. साधा अर्ज भरला तर घरटी ५५० डॉलर आणि घरातल्या प्रत्येक जादा माणसामागे १८०, हॉटेलं बंद असताना ज्यांचा रोज बुडला त्या कामगारांनाही वेगळा हिस्सा, आणि ही तरतूद कोणाच्या डोक्यातून आली त्याला माझा नमस्कार. चेक निघायला २०१८ उजाडलं.

वेल्टन नंतर पर्ड्यू विद्यापीठात गेले. २०१८ च्या वणव्यात कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव जळालं आणि पाइपांत बेंझिन हे विषारी केमिकल सापडलं तेव्हा तिथे, २०२३ मधे ओहायोत ईस्ट पॅलेस्टाइनला केमिकलची मालगाडी घसरली तेव्हा तिथे. तिथेही सरकारी मोजमाप म्हणत होतं की हवा ठीक आहे, आणि लोक सांगत होते की ओढ्याच्या बाजूला गेलं की वास येतो, घशात खवखवतं. यांची टीम आली, यंत्रं गाडीतून काढली आणि आधी लोकांना विचारलं, वास नक्की कुठे येतो ते दाखवा.